आण्यांचा हिशेब आणि नवे पैसे

जग झपाट्यानें बदलत आहे हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकतों, कीं तें कानाच्या आंत शिरतच नाहीं. म्हणून आज अगदीं खिशांतल्या एका बदलाविषयीं बोलावें म्हणतों.

१ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशांत दशमान नाणीं सुरू झालीं. तोंपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. कागदावर सगळें सोपें. पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचें नाणें आणावें कोठून? म्हणून आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनांना १९ व चारांना २५ असें कोष्टक ठरलें. आतां गंमत पाहा. एकेका आण्याची जिन्नस चार खेपांना घेतली तर २४ पैसे. एकदम घेतली तर २५! अशा एका पैशावरून कोणीं हुज्जत घातली असेल, तर त्याला हटवादी म्हणवत नाहीं.

जुन्या पिढीची खरी अडचण मात्र निराळीच होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे लहानपणीं घोकून तिची बुद्धि तयार झालेली. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चारांचे दोन. बाजारांतली अर्धी-पाव वांटणी या आंकड्यांत कशी सहज बसे! ही विद्या कांहीं खोटी ठरली नाहीं, पण बिनकामाची झाली. आणि खोटें ठरण्यापेक्षां तें अधिक बोचतें. जो प्रत्येक किंमत मनांत आण्यांत फिरवून पाही त्याचा घोटाळा होई. जो थेट पैशांत विचार करूं लागला तो सुटला.

सरकारनें एक शहाणपण केलें. जुनीं नाणीं कांहीं काळ नव्यांच्या शेजारीं चालूं दिलीं, आणि ‘नवा’ हें विशेषण १ जून १९६४ पर्यंत पैशाला चिकटवून ठेवलें. लोकांनींही २५ पैशांना चार आणे व ५० पैशांना आठ आणे म्हणून जुन्यांतलें जुळेल तेवढें राखलें. चार आण्यांचें तें नाणें २०११ सालीं चलनांतून गेलें; ‘सोळा आणे खरें’ अजून आहेच.

आमच्या आत्याबाई हल्लीं मोबाइलवरून भाजीचे पैसे देतात. पण आंकडे दाबण्यापूर्वीं रक्कम एकदां मोठ्यानें म्हणतात, आणि भाजीवाला ‘मिळाले, आजी’ म्हणेपर्यंत जागच्या हालत नाहींत. मुलें हंसतात. मला मात्र त्यांत त्या ‘नव्या’ विशेषणाचेंच काम दिसतें. तें गळून पडायला सात वर्षें लागलीं होतीं.