नियम कोणता, सवय कोणती?

बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला लवचीकता निराळी शिकवावी लागत नाही. तुरीचा भाव सकाळी एक असतो, सौदे आटोपल्यावर दुसरा. गिऱ्हाईक बदलते, हंगाम बदलतो, कायदे बदलतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा साठी ओलांडलेले कितीतरी व्यापारी माझ्या टेबलासमोर बसून नव्या विवरणपत्रांविषयी विचारत असत. प्रारंभी कुरकुर झाली; परंतु वर्ष संपण्यापूर्वी त्यांतील बहुतेकांनी ती पद्धत आत्मसात केली होती. दुकान चालवायचे तर बदलावे लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मात्र याच गृहस्थांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला की वेगळे चित्र दिसे. सुनेने काही नवे सुचवले, पत्नीने एकटीने यात्रेस जाण्याची इच्छा दर्शवली, की उत्तर ठरलेले असे : "आमच्याकडे असे चालत नाही." दुकानाच्या उंबरठ्यावर जो माणूस वाकतो, तो घराच्या उंबरठ्यावर ताठ का होतो, असा प्रश्न मला पडे. इतरांच्या खात्यातील चुका काढण्यात माझी सदतीस वर्षे गेली. स्वतःचे खाते तपासण्याची वेळ निवृत्तीनंतर आली. त्याचीच ही हकीकत.

मी १९८२ साली बँकेत रुजू झालो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. या काळात नऊ बदल्या झाल्या. जाडजूड लेजरे गेली, संगणक आले, पुढे सर्व शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या. प्रत्येक वेळी मी नवे शिकलो आणि त्यामुळे स्वतःला मोठा परिवर्तनशील मनुष्य समजत असे. निवृत्तीनंतर घरी बसलो आणि साडेचारचा चहा, सव्वापाचचे जेवण, वर्तमानपत्राची घडी, सर्व काही शाखेच्या शिस्तीने व्हावे असा आग्रह धरू लागलो. स्वयंपाकघरात डाळीचे डबे किती व कसे ठेवावेत यावरही सूचना देऊ लागलो. सौ. काही बोलत नसे. तिच्या त्या मौनाला मी संमती समजत होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिने सांगितले, "वाचनालयात मोडी लिपीचा वर्ग सुरू होतोय. मी नाव घातलंय." तिच्या माहेरी आजोबांच्या दुकानाच्या रोजकिर्दी आणि खतावण्या लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवलेल्या आहेत. त्या तिला वाचायच्या होत्या. मी विचारले, "या वयात मोडी शिकून उपयोग काय?" आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, "वर्ग किती वाजता?"

"साडेचार ते सहा."

येथे खरी अडचण होती. आमच्या घरी सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "म्हणजे घरातला नियम मोडायचा?"

ती शांतपणे म्हणाली, "नियम मी कशाला मोडू? वर्गाच्या दिवशी मी डबा नेईन, वर्ग सुरू होण्यापूर्वी जेवून घेईन. तुमच्या जेवणाचं तुम्ही बघा." क्षणभर थांबून तिने पुढे म्हटले, "तुमच्या नऊ बदल्या झाल्या असं तुम्ही सगळ्यांना सांगता. अहो, माझ्याही नऊ झाल्या. तुम्हाला निदान आदेशाचा कागद तरी यायचा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

त्यानंतर दोन दिवस आम्ही कामापुरतेच बोललो. तिच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नव्या गावी मला तयार टेबल, खुर्ची आणि नमस्कार करणारा शिपाई मिळे. तिला मात्र पाणी किती वाजता येते येथपासून सुरुवात करावी लागे. मुलांची शाळा, दूधवाला, देरासराचा रस्ता, शेजारणींची बोली, सारे नव्याने. एका गावी तिने शिवणवर्ग जमवला होता. तो चांगला चालू लागताच माझी बदली झाली. त्या वर्गाचे पुढे काय झाले, हे मी तिला कधी विचारले नव्हते. मनात आणखी एक गोष्ट सलत राहिली. दोनच महिन्यांपूर्वी संवत्सरीला मी शंभरावर लोकांना भ्रमणध्वनीवरून "मिच्छामि दुक्कडम्" पाठवले होते. जुने ग्राहक, सहकारी, दूरचे नातलग, सर्व त्यांत होते. सौ.चे नाव नव्हते.

आपल्याकडे अनेकान्तावर व्याख्याने होतात. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. 'स्यात्' याचा अर्थ 'कदाचित' असा डळमळीत नसून 'एका अपेक्षेने, एका दृष्टीने' असा आहे, हेही आपण अभिमानाने स्पष्ट करतो. वस्तूला अनंत धर्म असतात आणि आपले विधान त्यांतील एकाच बाजूविषयी असते, ही भूमिका प्रवचनात पटते. जेवणाच्या पाटावर तिचा विसर पडतो. आमचा संसार माझ्या बाजूने पाहिला तर नऊ बढत्या-बदल्यांचा होता. तिच्या बाजूने पाहिला तर नऊ वेळा अर्धवट सोडलेल्या कामांचा होता. दोन्ही विधाने सत्य होती. मी आयुष्यभर एकच वाचले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ क्षमा मागितली. संदेशाने नव्हे, समोर बसून. शिवणवर्गाचेही विचारले. ती थोडी हसली, थोडी रडली. मग म्हणाली, "आधी कुकर लावायला शिका."

मूग-तांदळाची पहिली खिचडी खाली लागली. दुसरीत मीठ विसरलो. तिसरी मात्र सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा तास पानात होती आणि खाण्याजोगी होती. तेव्हा जे उमगले ते येथे नमूद करतो. सूर्यास्तापूर्वी जेवावे, हा आमचा नियम होता. स्वयंपाक तिनेच करावा, हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. ती माझी सवय होती आणि तिला मी नियमाचे वस्त्र नेसवले होते. नियम अबाधित राहिला. केवळ हात बदलले.

लवचीकता म्हणजे व्रत शिथिल करणे, अशी भीती आपल्या घरांतून व्यक्त होते. ती अनाठायी आहे. आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहतात आणि उरलेले आठ महिने विहार करतात. गाव बदलते, रस्ता बदलतो, महाव्रते बदलत नाहीत. संसारातही काय स्थिर ठेवायचे आणि कशाचा विहार होऊ द्यायचा, हे एकदा पती-पत्नींनी बसून ठरवले पाहिजे.

या अदलाबदलीला दुसरीही एक बाजू आहे, जी मी बँकेच्या खिडकीतून पाहिली. चाळीस वर्षे पेढी चालवलेल्या गृहस्थांच्या निधनानंतर त्यांची पत्नी चार पासबुके पिशवीत घालून येते. कोणते खाते चालू, कोणती ठेव कोठे, लॉकर कोणाच्या नावे, हे तिला ठाऊक नसते. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवींची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग होते. वारसाला ती नंतरही मागता येते; परंतु ठेव आहे हेच माहीत नसेल तर मागणार कोण? उलट, पत्नी गेल्यानंतर साखरेचा डबा न सापडणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. म्हणून माझी विनंती आहे : आठवड्यातून एक दिवस कामे बदलून पाहा. तिने पासबुके, विमापत्रे, नामनिर्देशन पाहावे. त्याने ओटा सांभाळावा. प्रारंभी दोघांचीही चिडचिड होईल. होऊ द्यावी.

मोडीचा वर्ग संपला. ओळ आधी आखून घ्यायची आणि लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचे, ही पद्धत सौ.ला साधली. माहेरची खतावणी आता आमच्या टेबलावर असते. एका पानावर तिला आजीच्या नावाचे स्वतंत्र खाते सापडले. आजीने स्वतःची रक्कम दुकानात ठेवली होती आणि प्रत्येक पाडव्याला तिच्या नावे व्याज जमा होत होते. व्याजाचा आकडा आणे-पैत होता. मी हिशेब केला. दरमहा दरशेकडा आठ आणे, म्हणजे वार्षिक सहा टक्के. "जुन्या काळी बायकांना व्यवहारात कोण विचारत होते?" असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. ते वाक्य आता मागे घेतले आहे.

सध्या आमचा दुपारचा क्रम असा आहे : अक्षर ती लावते, हिशेब मी लावतो. साडेचार वाजले की मी उठतो आणि चहा ठेवतो.