ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये 'क्लीनर' मिसळावा काय?

पावसाळ्याच्या तोंडी जमिनीला येणारा वाफसा थोडेच दिवस टिकतो. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, त्याची ओढ कमी झाली किंवा तो मध्येच बंद पडू लागला, म्हणजे शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी एक सोपा उपाय सुचविला जातो. डिझेलच्या टाकीत 'क्लीनर'ची बाटली ओतावी, म्हणजे नोझल आपोआप साफ होतील, असे सांगण्यात येते. काही जण तर दर वेळी टाकी भरताना हे द्रव्य मिसळतात. हा उपाय केव्हा उपयोगी पडतो आणि केव्हा त्यावरील खर्च वाया जातो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

इंधनाचा मार्ग

टाकीतील डिझेल प्रथम फिल्टरमध्ये गाळले जाते. तेथून ते डिझेल पंपात जाते. पंप त्यावर मोठा दाब देतो आणि नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून ते धुक्यासारखे सिलिंडरमध्ये फवारले जाते. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाब लागतो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यामुळे अशा अनेक ट्रॅक्टरांत 'कॉमन रेल' पद्धत आली असून तीत हा दाब हजार किलोग्रॅमच्याही वर जातो.

पंपातील दट्ट्या व तो ज्या नळीत सरकतो ती नळी यांमधील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धुळीचा बारीक कणही तेथे केवढा अनर्थ करील, याची कल्पना येईल.

क्लीनरचे कार्य व त्याची मर्यादा

नोझलच्या टोकाशी जळक्या इंधनाची काजळी व चिकट राळ साचते. त्यामुळे फवारा बारीक न पडता धारेसारखा पडतो, इंधन पुरते जळत नाही आणि काळा धूर येतो. चांगल्या क्लीनरमध्ये साबणासारखे गुणधर्म असलेले द्रव्य असते. ते हा मळ हळूहळू सैल करून डिझेलबरोबर वाहून नेते. म्हणजे क्लीनरला काहीच गुण नाही, असे म्हणता येणार नाही.

परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास हे सहज पटेल. तोट्यांत साचलेले क्षार आम्लप्रक्रियेने निघतात. म्हणून कोणी गाळणयंत्र काढून टाकीत नाही आणि फाटलेली नळी आम्लाने सांधलीही जात नाही. क्लीनरचेही तसेच आहे. झिजलेले नोझल, घासलेला दट्ट्या, पाण्याने गंजलेला पंप यांपैकी काहीही बाटलीतील द्रव्याने दुरुस्त होत नाही. डिझेलमधील पाणी व माती तर त्याने मुळीच नाहीशी होत नाही.

क्लीनर मिसळल्याने डिझेलला 'वंगण' मिळते, म्हणून तो नेहमी घालावा, असाही एक समज आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दर किलोग्रॅमला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम ठेवलेले असते. गंधक काढताना डिझेलचा अंगचा वंगणगुण काहीसा घटतो, हे खरे. तथापि त्याची किमान पातळी मानकात ठरवून दिलेली असून ती राखण्यासाठी लागणारे द्रव्य इंधन विक्रीस येण्यापूर्वीच मिसळलेले असते. उलट 'नोझल साफ होतील' म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास हा वंगणगुण बिघडतो व पंपाची झीज वाढते. ही चाल सर्वथा टाळावी.

आधी कारण शोधावे

काळा धूर दिसताच नोझलला दोष देणे योग्य नव्हे. तपासणी पुढील क्रमाने करावी:

(१) एअर क्लीनर पाहावा. धुळीने तो चोंदला असल्यास इंजिनाला हवा अपुरी पडून काळा धूर येतो. पुष्कळदा दोष येथेच सापडतो.

(२) अवजार ट्रॅक्टरच्या शक्तीस झेपणारे आहे की नाही, हे पाहावे. भार जास्त झाल्यासही काळा धूर निघतो.

(३) ओढ कमी होऊन इंजिन बंद पडत असल्यास डिझेल फिल्टर व त्याखालील पाण्याची वाटी तपासावी. फिल्टर माहितीपुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर बदलावा व नंतर नळीतील हवा काढावी.

(४) धूर निळसर असल्यास इंजिन ऑईल जळत आहे, असे समजावे. तेथे क्लीनरचा काही उपयोग नाही.

(५) एवढ्यानेही दोष न गेल्यास नोझल काढून चाचणीयंत्रावर त्याचा दाब व फवारा पाहून घ्यावा. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावे. उच्च दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते. तिच्यासमोर हात कदापि धरू नये. असे घडल्यास जखम लहान दिसली तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

क्लीनर वापरावयाचा झाल्यास

इंजिन धडधाकट आहे, फिल्टर स्वच्छ आहे आणि नोझलवर केवळ मळ बसला आहे, असे ठरल्यास क्लीनर वापरून पाहण्यास हरकत नाही. मात्र तो डिझेल इंजिनासाठीच असावा, पेट्रोलसाठी असलेला चालत नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मनाई नाही, याचीही खात्री करावी. हमीच्या मुदतीत विक्रेत्याच्या कार्यशाळेत विचारून घ्यावे. बाटलीवरील प्रमाण काटेकोर पाळावे. ५० लिटरांसाठी सांगितलेली मात्रा २० लिटरांत ओतू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. जुन्या टाकीतील साचलेला मळ क्लीनरने सुटला म्हणजे तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो आणि ट्रॅक्टर बंद पडतो. म्हणून हा प्रयोग ऐन पेरणीत न करता कामाच्या सवडीच्या दिवसांत करावा व नवा फिल्टर हाताशी ठेवावा.

स्वच्छ डिझेल हाच खरा उपाय

दिवसाचे काम संपताच टाकी भरून ठेवावी. टाकी रिकामी राहिल्यास रात्रीच्या गारव्याने आतील हवेतील बाष्पाचे पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. ते पाण्याच्या वाटीतून नियमाने काढावे. पिपातील डिझेल स्थिर होऊ द्यावे आणि तळचा गाळ न ढवळता वरचेच घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पिपात डिझेल साठवू नये. जस्ताचा अंश डिझेलमध्ये उतरून नोझलवर मळ धरण्यास कारण होतो. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी त्यावरील धूळ पुसावी. इंजिन फार वेळ रिकामे चालू ठेवू नये.

तात्पर्य, खर्चाचा पहिला रुपया फिल्टरवर, दुसरा तपासणीवर आणि उरल्यास तिसरा क्लीनरवर करावा. हा क्रम उलटा केल्यास बाटलीचे पैसे तर जातातच, शिवाय खरा दोष तसाच राहून पुढे पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा भुर्दंड पडतो आणि हातचा वाफसाही निघून जातो.