जुन्या पिकअपचं दार : आधी गंज, मग आवाज

जुनी पिकअप वापरणारे लोक मला विचारतात, "साहेब, दार डब्यासारखं वाजतं, उन्हात तापतं. आतून काय चिकटवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. चिकटवायचं नंतर, आधी दार उघडून आत बघा.

काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं, म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात. बिकानेरची वाळू असो की कोकणातला लाल चिखल, ही भोकं बुजली की तळाशी ओला गाळ साचतो. बाहेरचा पत्रा जिथे आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, त्या घडीत गंज धरतो. मुंबई, चेन्नई, विशाखापट्टणमच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. बाहेर रंगाला फोड दिसतो, तेव्हा आतला पत्रा बराचसा खाल्लेला असतो. बाजूने धडक बसली तर तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये हे दारच असतं, हे विसरू नका.

आता कामाचा क्रम. काच वर घ्या, आतलं कव्हर काढा आणि त्यामागचा प्लास्टिकचा कागद न फाडता सोडवा. हातमोजे घाला, आतल्या कडा ब्लेडसारख्या असतात. गाळ काढा, भोकं तारेनं मोकळी करा, पाणी ओतून निचरा होतोय ना ते पाहा. मग दार पूर्ण वाळू द्या.

सुटा गंज वायर ब्रशनं घासा. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आरपार गेला तर तिथे नवा पत्रा वेल्ड करायलाच हवा. पुट्टी भरली की फक्त भोक झाकलं जातं, ताकद परत येत नाही. पत्रा शाबूत असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळल्यावर एपॉक्सी प्रायमर आणि वर रंग.

यानंतर आवाज. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, मधोमध ब्यूटाइल शीट रोलरनं दाबून बसवा. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी थरथर बरीच कमी होते. सगळं दार मढवून बिजागऱ्यांवरचं वजन वाढवू नका. शीट बसल्यावरच तळाच्या घडीत गंजरोधक मेण फवारा, कारण मेणावर शीट चिकटत नाही. फवारल्यावर भोकं पुन्हा मोकळी करा.

उष्णतेसाठी पाणी न शोषणारा, बंद पेशींचा पातळ फोम घ्या आणि तो प्लास्टिकच्या कागदाच्या केबिनकडच्या बाजूला लावा. कागद पूर्वीसारखा नीट चिकटवा, पाणी केबिनमध्ये न येता दारात खाली उतरतं ते त्याच्यामुळे. स्पंज, गोणपाट, गालिच्याचे तुकडे दारात कोंबू नका. फुगणारा फोम तर नकोच. तो भोकं बुजवतो आणि काचेची यंत्रणा अडकवतो. शेवटी काच पूर्ण खाली-वर करून बघा. आणि एवढ्यानं केबिन गार पडेल अशी अपेक्षा नको, बरीच उष्णता काचांतून आणि छतावरून येते.

फौजेत गाडीची तपासणी ठरल्या दिवशी होते, बिघाडाची वाट बघत नाहीत. तुम्हीही पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा दाराची भोकं तपासा. एक तार आणि दहा मिनिटं पुरतात.