पात्याच्या बुडाचे खिळे

अलिबागच्या एका वाडीतल्या घरात देवघराच्या खालच्या फळीवर लाल फडक्यात एक कट्यार असते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघते. माझ्यासाठी आजींनी आडदिवशीच गाठ सोडली. "सरखेलांच्या आरमारातली," त्या म्हणाल्या. कान्होजी आंग्रे गेले 1729 साली. या घरात मात्र ते अजून 'सरखेल'च आहेत.

नाव नाही, सन नाही, कारागिराचा छापही नाही. अशा वेळी मी आधी मूठ पाहत नाही, पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथे पाहतो. कट्यार म्हणूनच घडवलेल्या शस्त्रात पाते बहुधा मुठीशी एकजीव असते आणि चिलखत फोडण्यासाठी टोक मुद्दाम जाड ठेवतात. इथे टोक पातळ होते. पात्यावरच्या तीन बारीक पन्हळी टोकापाशी निमुळत्या होऊन थांबत नव्हत्या, सरळ धारेत जाऊन तुटत होत्या. म्हणजे हे पाते मूळचे लांब होते. एखादी तलवार मोडली असावी आणि तिचा तुकडा घासून टोकदार केला असावा.

बुडाशी कुंकवाचा थर होता. तो मी खरवडला नाही. तेलाचा कापूस फिरवला, तेव्हा मुठीतून आलेल्या दोन जिभांमध्ये पाते धरून ठेवणारे खिळे दिसले. सरळ, पातळ, पन्हळीचे पाते आणि खिळ्यांचा सांधा: ही फिरंगी पात्यावर दख्खनी मूठ बसवण्याची रीत. युरोपातली पाती पोर्तुगीजांच्या व्यापारातून या किनाऱ्यावर उतरत. त्यांचे चौल-रेवदंडा इथून जवळच, 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आले. अशा पात्याच्या सरळ तलवारीला आपण 'फिरंग' म्हणत आलो. मोडलेली फिरंग टाकून देण्याइतके पोलाद स्वस्त नव्हते.

मुठीच्या बाजूपट्ट्या साध्या, सोन्याची कोफ्तगिरी कुठेच नाही. हाताला संरक्षण देणारा वळणदार पडदाही नाही. तंजावरकडच्या अनेक कट्यारींना तो असतो. दरबारात मिरवायची वस्तू ही नव्हे. दोन आडव्या दांड्या मुठीत धरल्यावर आतली बाजू गुळगुळीत लागते. तो गुळगुळीतपणा मला सगळ्यात मोलाचा वाटला.

म्हणून मी वहीत लिहिले: पाते युरोपी, मूठ दख्खनी. आरमाराचा पुरावा लोखंडात नाही, तो आजींच्या सांगण्यात आहे. तेही त्यांच्या शब्दांत, मापांच्या शेजारी लिहून घेतले. चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नका, एवढे बजावले; खाऱ्या हवेला पातळ तेलाचा हात पुरे.

आजींचा चेहरा उतरला. "मग हळदकुंकू?"

"लावा ना आजी. फक्त ओलं पात्याला नको, फडक्याला लावा."

त्यांनी फडके उलगडले, डाग नसलेली बाजू शोधली आणि कट्यार पुन्हा गुंडाळायला घेतली.