मनी आणि मनीप्लांट

दोस्तांनो, नावात 'मनी' असली म्हणून मनीप्लांट काही आपल्या मनीमाऊचा मित्र नव्हे बरं का! त्याच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की ते टोचतात, तोंडाची आग होते, लाळ गळते. म्हणून त्याची बाटली मनीची उडी पोचणार नाही अशी टांगा.

खरी घातकी म्हणजे पुष्पगुच्छातली मोठी, कर्ण्यासारखी लिली! अंगावर सांडलेले तिचे परागकण मनीनं चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी तिच्या पोटात गेलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तेव्हा मांजराच्या घरात ही लिली नकोच. चुकून खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पळा.

आणि मनीला हिरवं चघळायचंच असेल तर? कुंडीत मूठभर गहू पेरा. आठ-दहा दिवसांत तिची हक्काची हिरवळ तयार!