मनाचं हवापाणी – लेखांक ११ : गोळीनं गझल जाते का?

या आठवड्यात सेरोटोनिनवर लिहायचं कबूल केलं होतं. टिपणं तयार आहेत, त्याच विषयावरच्या २०२२ सालच्या लंडनच्या लेखावर बोलायला मी उतावीळही आहे. पण गेल्या रविवारी एक वाचक धामणगाव गढीच्या घाटानं, भर धुक्यात, एसटीनं वर चिखलदऱ्याला आले. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. सेरोटोनिन पुढच्या वेळी.

गृहस्थ अचलपूरकडचे, वय चाळिशीच्या आसपास. गझल लिहितात. अमरावती ही सुरेश भटांची. आमच्या जिल्ह्यात मुशायऱ्यात बसणारा माणूस गावोगाव भेटतो, आणि गझल तो जीव ओतून लिहितो. चहा ठेवेपर्यंतही ते थांबले नाहीत.

"भाऊ, हे गोळी सुरू झाल्यापासून मले एक शेर सुचला नाई. डॉक्टर म्हणते सहा महिने त घ्याच लागन. माही गझलच गेली त मी बरा होऊन करू काय?"

पिशवीतून त्यांनी दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक, एस्सिटॅलोप्रॅमचा दहाचा पत्ता, तीन गोळ्या काढलेला. दुसरी, दोनशे पानी वही. परतवाड्यात बत्तीस वर्षं औषधाच्या काउंटरमागं उभा राहिलेला माणूस आधी पत्त्याकडेच बघतो. पत्त्यामागची तारीख बघून झाल्यावर मी वही उघडली.

वही सुरेख होती. प्रत्येक गझलेखाली तारीख, कुठं कुठं गावाचं नाव, एका पानावर बस चुकल्यामुळं स्टँडवर लिहिल्याची नोंद. दिवाळीपर्यंत आठवड्याला एक तरी रचना. मग मतला लिहून खोडलेला. पुन्हा लिहून पुन्हा खोडलेला. शेवटची पूर्ण गझल २९ नोव्हेंबरची. त्यानंतर कोरी पानं. मध्येच एका पानावर तुरीचा भाव आणि किराण्याची बेरीज, परत कोरी पानं.

डॉक्टरांची पहिली चिठ्ठी वहीतच घडी करून ठेवलेली होती. तिच्यावर तारीख होती २१ मे.

मी चिठ्ठी त्या शेवटच्या गझलेशेजारी ठेवली. ते बराच वेळ दोन्ही तारखांकडे बघत राहिले.

"मंग मधले हे सहा महिने?"

ते सहा महिने आजाराचे होते. गोळी घरात यायच्या आधीच गझल निघून गेली होती. पण ती कधी गेली, हे त्या वेळी कळायला मन ताळ्यावर कुठं होतं? पुढं जरा झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं, आणि थोडं भान आल्यावर लक्षात आलं की घर रिकामं आहे. त्या वेळी घरात नवीन काय आलं होतं? गोळी. आळ तिच्यावर आला. हा हिशेब मी शेकडो वेळा ऐकलाय, पण तारखांनिशी हातात पहिल्यांदाच आला.

त्यांची तक्रार मात्र एवढ्यावर मिटत नव्हती, आणि ती मिटवायची माझी इच्छाही नाही. जूनमध्ये त्यांची मुलगी होस्टेलला गेली. आई रडली, बायको रडली. "मी उभाच. डोये कोल्डे. मले वाटलं का हा मी नोहोच." हे खरं आहे आणि ते गोळीचं असू शकतं. या जातीच्या औषधांनी दुःखाची धार बोथट होते, तशी काही जणांची आनंदाची आणि मायेचीही होते. नैराश्यावर गोळ्या घेणाऱ्यांच्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांनी असं काहीतरी जाणवत असल्याचं सांगितलं होतं. त्यातलं आजाराचं किती आणि औषधाचं किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. पण हे सोसत बसायचं कारण नाही. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. त्यासाठी डॉक्टरांना हेच वाक्य, याच शब्दांत सांगावं लागतं. आमच्याकडचे लोक डॉक्टरांपुढं "बरं हाय" म्हणतात आणि खरं काय ते औषधवाल्याला सांगतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दुःख हीच कलेची खाण आहे, खाण बुजवली तर सोनं कुठून येणार, ही समजूत येते कुठून? यावर बोलायचं तर मला क्षयरोगावर बोलावं लागेल. हा माझा आवडता विषय आहे, म्हणून थोडं ऐकून घ्या.

एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रतिभेचा रोग म्हणून क्षयाकडे बोट दाखवत. कीट्स क्षयानं गेला, शोपँ आयुष्यभर खोकत राहिला. फुफ्फुस झिजतं तशी कल्पना उजळते, अंगातला बारीक ताप कवितेला ऊब देतो, असं शहाणी माणसं मनापासून मानत. मग १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि हळूहळू क्षय बरा व्हायला लागला. जगात कविता कमी झाली का? संगीत आटलं का? आज क्षयाच्या रुग्णाला कोणी म्हणत नाही की बाबा रे, औषध घेऊ नकोस, तुझं गाणं जाईल.

याचं आपल्या घरातलं उदाहरण कुमार गंधर्वांचं. ऐन पंचविशीच्या आत क्षय झाला. १९४८ च्या सुमारास ते हवापालटासाठी देवासला जाऊन राहिले. पाच-सहा वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं. त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, कानात साठवली, आणि उठल्यावर जे गायले त्यानं हिंदुस्थानी संगीताची वाट वळवली. इथं कोणी म्हणेल, बघा, आजार झाला म्हणूनच ते गाणं आलं! हा आक्षेप मी टाळणार नाही. आजारानं त्यांना निजवलं, आणि निजल्यामुळं ऐकायला सवड मिळाली, हे कबूल. पण ऐकलेलं गाण्यात उतरलं ते उठल्यावर. आणि त्यांना उठवलं स्ट्रेप्टोमायसिननं आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेनं. ते औषध चार वर्षं उशिरा भारतात आलं असतं, तर माळव्याची ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

योगायोग असा की नैराश्याची पहिली गोळीही क्षयाच्याच वॉर्डात सापडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं. खाटेला खिळलेली माणसं उठून बसली, जेवायला लागली, वॉर्डात नाचायला लागली; ते फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. पुढं १९५७ मध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञानं तेच औषध नैराश्याच्या रुग्णांवर वापरून दाखवलं. काविळीच्या भीतीनं ते फार टिकलं नाही. पण त्याचं सख्खं भावंड आयसोनायझिड आजही मेळघाटात क्षयाच्या बहुतेक रुग्णांच्या रोजच्या गोळ्यांत असतं. ते पत्ते मोजताना माझ्या मनात कितीदा तरी सी व्ह्यूचा तो वॉर्ड आलाय.

पण माझ्या पाहुण्याला कुमारांची गोष्ट पुरणार नाही. क्षय फुफ्फुसात होतो. नैराश्य तिथंच होतं जिथून शेर येतो. म्हणून डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊचं काम सांगतो. शाऊनं लिथियमवर हयात घालवली. त्याच्या भावाला पुन्हा पुन्हा नैराश्य यायचं, आणि लिथियमनं ते थांबलं. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्यांसाठीचं हे औषध. कलावंत त्याला सगळ्यात जास्त घाबरतात, कारण उन्मादाच्या दिवसांत सुचतं फार. शाऊनं लिथियमवर असलेल्या २४ कलावंतांना आणि लेखकांना गाठून विचारलं, तुमच्या कामाचं काय झालं? १९७९ साली त्यानं उत्तरं छापली. १२ जण म्हणाले, काम वाढलं. सहा म्हणाले, फरक नाही. सहा म्हणाले, कमी झालं.

माणसं फक्त चोवीस, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण मला ते शेवटचे सहा महत्त्वाचे वाटतात. त्यांना खोटं ठरवून गोळीची बाजू घेणं मला पटत नाही, आणि त्यांचं नाव पुढं करून उरलेल्या अठरांची गोळी काढून घेणं त्याहून पटत नाही.

प्रतिभा आणि आजार यांचं काहीच नातं नाही, असंही मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये अकरा लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष आला. कलेच्या व्यवसायातल्या लोकांमध्ये मनोविकार सरसकट जास्त दिसले नाहीत. उन्माद-नैराश्याचा आजार मात्र जास्त दिसला. लेखकांचं चित्र आणखी वाईट निघालं, नैराश्य आणि आत्महत्या दोन्ही जास्त. आणि एक नाजूक गोष्ट दिसली: या रुग्णांच्या जवळच्या, निरोगी नातेवाइकांमध्ये कलावंत जास्त होते. म्हणजे घराण्यात काहीतरी वाहतं खरं. ते ज्याच्यात बेतानं उतरतं तो गातो आणि ज्याच्यात उसळतं तो बुडतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आपल्या भाषेनं हा गुंता आणखी वाढवलाय. गाण्याचं वेड, नाटकाचं वेड, आणि वेड्यांच्या इस्पितळातलं वेड, तिन्हीकडे शब्द एकच. 'पिसं' हा त्याहून जुना शब्द, त्याचंही तेच. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभू होऊन गेले. म्हाइंभटानं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात गावची माणसं त्यांना वेडे म्हणतात आणि त्याच तोंडानं आईबाप मानतात. तेराव्या शतकातलं ते मराठी गद्य मी दरवर्षी पुन्हा वाचतो. जगरहाटीबाहेर वागणाऱ्या माणसाला अख्ख्या गावानं सांभाळलं, हे वऱ्हाडचं मोठं संचित आहे. पण त्याच संचितामुळं आपण उदास माणसाकडे बघताना त्याच्या डोक्यामागं तेजोवलय शोधतो. कवी असेल तर ते पटकन सापडतं. सून असेल तर सापडत नाही. तिला भूमका, पडिहार अशा गावच्या वैदू-मांत्रिकांकडे नेतात, नाहीतर माहेरी धाडतात.

गेल्या वर्षी मोथ्याहून एक बाई त्यांच्या दिराबरोबर माझ्याकडे आल्या होत्या, अशीच चिठ्ठी घेऊन. त्यांनी विचारलं, "दादा, यानं झापड येते म्हणते. मंग मी निंदाले कशी जाऊ?" अचलपूरच्या गझलकारानं विचारलं तेव्हा मला त्या आठवल्या. प्रश्न एकच आहे. माझ्या हातून जे होतं ते होत राहील ना? एकीच्या हातून स्ट्रॉबेरीचा वाफा, दुसऱ्याच्या हातून मतला. पण त्या बाईंच्या प्रश्नावर चर्चासत्र कोणी भरवत नाही.

त्यांच्यासारख्यांसाठी आपल्या अमरावती जिल्ह्यात एक काम मात्र झालंय, आणि ते जगात वाचलं गेलं. 'विश्राम' नावाचा कार्यक्रम जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, मानसिक प्रथमोपचार द्यायचे, समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची आणि गरज असेल त्यालाच डॉक्टरांकडे पाठवायचं, अशी पायरी-पायरीची रचना. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे आकडे २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार उपचारापर्यंत पोचत होते, कार्यक्रमानंतर सत्तावीस. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. गोळी हवी की नको हा वाद मी या मालेत आवडीनं घालतोय, पण शंभरांतल्या ज्या शहाण्णवांपर्यंत गोळीही पोचली नव्हती आणि कोणाचा शब्दही पोचला नव्हता, त्यांचा या वादाशी संबंधच आला नव्हता.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझ्या चुकीची आहे. दुकानात असताना एक भजनी मंडळातले पेटीवाले गोळी न्यायला यायचे. एकदा म्हणाले, आता छान वाटतं, बोटं चालतात, बंद करू का? मी पत्ते मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, बरं वाटतं तर कशाला घेता? त्यांनी त्याच दिवशी बंद केली. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा आला. बाप खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला, पेटीवर चादर टाकलेली. पुन्हा उपचार सुरू झाले, पण ती चादर निघायला दोन वर्षं लागली.

म्हणून अचलपूरच्या पाहुण्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. कोरड्या डोळ्यांचं डॉक्टरांना सांगा, आणि त्यांनी सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू नका. मध्येच रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा फुकट नंबर आहे, तो मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून दिला.

चारच्या गाडीपर्यंत ते बसले. धुकं थोडं वर गेलं होतं. निघताना त्यांनी विचारलं, कोऱ्या पानांवर तारखा टाकू का? मी म्हटलं, टाका. स्टँडवर गाडीची वाट बघत त्यांनी वही मांडीवर उघडली आणि त्या दिवशीची तारीख लिहिली. खाली काही लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात सेरोटोनिन, आणि त्यासोबत नैराश्याच्या गोळ्यांवरच्या ५२२ चाचण्यांचा २०१८ सालचा मोठा आढावा. दर्यापूरच्या एका वाचकांनी गोळी बंद करताना डोक्यात विजेचे झटके का बसतात, असं विचारलंय. जागा उरली तर तेही घेईन.