गणिताचा रकाना

अकरावी विज्ञानाच्या प्रवेश अर्जात नाव, पत्ता, जात, दहावीचा बैठक क्रमांक हे सगळं झालं की खाली विषयांचा एक लहानसा तक्ता येतो. इंग्रजी सक्तीचं, ते छापलेलंच असतं. मग दुसरी भाषा, मराठी किंवा हिंदी, नाहीतर तिच्या जागी आयटी. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक जण न विचारता लिहितात. उरतात दोन रकाने, आणि त्यांत गणित, जीवशास्त्र, भूगोल यांपैकी दोन विषय बसवायचे असतात. नावाचं स्पेलिंग तीन-तीनदा तपासणारे पालक हे दोन रकाने मिनिटभरात भरून मोकळे होतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. नोकरीची पहिली वर्षं सांगलीत गेली, मग बदली होऊन साताऱ्याला आलो. दोन्हीकडे जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलाशी बसण्याचं काम माझ्याकडे राहिलं. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम आता घरून किंवा सायबर कॅफेतून भरतात. विषय मात्र कॉलेज मिळाल्यावर, कागदपत्रं घेऊन आल्यावर, टेबलापाशीच ठरतात. मागे रांग असते, बाहेर पाऊस असतो आणि गावाकडच्या एसटीची वेळ झालेली असते.

यंदा खटाव तालुक्यातून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. दहावीला चौऱ्याण्णव टक्के. अर्ज भरूनच आणला होता. त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि भूगोल असे विषय होते. मी गुणपत्रक पाहिलं, गणितात सत्त्याण्णव.

"गणित का सोडलं गं?"

ती वडिलांकडे बघायला लागली. वडील म्हणाले, "डॉक्टर करायचीय सर. नीटला गणित नसतंय. मग उगाच कशाला डोक्याला ताप? भूगोल कसा, स्कोरिंग आहे."

त्यांचं पहिलं वाक्य अगदी खरं. नीटचे ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, १८० भौतिकशास्त्राचे, १८० रसायनशास्त्राचे. गणिताचा प्रश्न एकही नाही. पण भौतिकशास्त्राच्या त्या १८० गुणांत वेग-त्वरणापासून विद्युतक्षेत्रापर्यंत सगळीकडे सदिश, लॉगॅरिदम, विकलन, संकलन लागतं. गणित सोडलेली मुलं भौतिकाच्या तासाला नेमकी इथंच अडकतात. सूत्र पाठ असतं, ते आलं कुठून हे कळत नाही, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की हात थांबतो. हे मी वर्षानुवर्षं समोरच्या बाकांवर पाहतो आहे.

'स्कोरिंग' या शब्दाबद्दल मात्र मला त्यांच्याशी बोलावंच लागलं. बारावीच्या भौतिक-रसायन-गणिताच्या किंवा भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या गुणांवर थेट प्रवेश मिळायचा, त्या काळातला हा हिशोब. आजही आपल्याकडे निकालाच्या दिवशी "ग्रुपला किती पडले?" हाच पहिला प्रश्न असतो. पण आता अभियांत्रिकीला सीईटी किंवा जेईई, मेडिकलला नीट, आणि दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांना २०२२पासून सीयूईटी. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनाचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. बोर्डात भूगोलाला पंच्याण्णव पडले, तर सीईटीच्या यादीत त्याने नंबर एकानेही वर सरकत नाही. बोर्डाचे एकूण टक्के अजून खरोखर लागतात ते आयआयटी-एनआयटीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या अटीला, आणि चौऱ्याण्णव टक्के मिळवणाऱ्या मुलीला ती अट पार करायला भूगोलाची मदत लागत नाही.

मी कोरा कागद घेतला. टेबलावर मी एवढंच करतो. मुलाला किंवा मुलीला काय व्हायचंय ते कागदाच्या उजव्या कडेला लिहायचं आणि तिथून डावीकडे उलटं यायचं: कोणती परीक्षा, त्या परीक्षेला कोणते विषय, प्रवेशाच्या अटीत बारावीला कोणते विषय. एकच ध्येय लिहायचं नाही, निदान तीन लिहायची. या मुलीने पहिलं लिहिलं 'एमबीबीएस'. दुसरं काही सुचेना. मी विचारलं, "दहावीला कशात रमलीस?" म्हणाली, "विज्ञानाचे प्रयोग." मग मी आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, लिहिलं. पुण्याची आयसर संस्था २००६पासून आहे, साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर, आणि तिचं नाव या बापलेकींनी कधी ऐकलं नव्हतं. आयसरच्या परीक्षेत साठ प्रश्न असतात. जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक, प्रत्येकी पंधरा. चारही विषय सोडवावे लागतात. गणित नसलेली मुलगी तिथे साठातले पंधरा प्रश्न घरी ठेवूनच परीक्षेला बसते.

सांगली-साताऱ्यातल्या मुलांना दोनच वाटा का दिसतात, याचं उत्तर मला सांगलीत असताना मिळालं. विश्रामबागेतून जाताना वालचंद अभियांत्रिकी दिसतं, १९४७चं. पुढे मिरजेला सरकारी मेडिकल, १९६२चं. इकडे कराडला सरकारी अभियांत्रिकी, १९६०चं. दोन-तीन पिढ्यांनी या इमारती एसटीच्या खिडकीतून पाहिल्या आणि 'इंजिनिअर की डॉक्टर' हा प्रश्न तिथूनच घराघरांत आला. जुन्या इंटर सायन्सच्या ए ग्रुप आणि बी ग्रुपपासून आपण गणित आणि जीवशास्त्र यांना असंच एकमेकांसमोर उभं करत आलो. सांख्यिकी, अर्थशास्त्र, मूलभूत विज्ञान, आर्किटेक्चर यांच्या इमारती आपल्या रस्त्यावर तशा डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून त्यांच्या अटी कुणी वाचत नाही. त्यातल्या बहुतेकांना गणित लागतं.

साताऱ्यात आणखी एक वाट आहे, सैन्याची. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१मध्ये इथेच सुरू झाली, आणि अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत जातात. दर वर्षी दोन-तीन मुलं येतात आणि म्हणतात, "सर, एनडीएला जायचंय, आर्ट्स घेतो. आर्मीला चालतंय." आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, हे बरोबर. हवाई दल आणि नौदलाला भौतिक, रसायन, गणित लागतं. पण लेखी परीक्षा तिघांनाही एकच, नऊशे गुणांची, आणि त्यात तीनशे गुणांचा पेपर गणिताचा. कला शाखेतून बसणाऱ्यालाही तो सोडवायचाच असतो. हे सांगितलं की मुलगा गप्प होतो. एवढी मोठी गोष्ट त्याला कुणी आधी सांगितलेली नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

वाणिज्य शाखेतली एक चूक मात्र माझी स्वतःची आहे. सांगलीत आमच्या शेजारची मुलगी, वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. अकरावी कॉमर्सला गणित घेऊ की एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, असं तिने मला विचारलं. तिच्या मैत्रिणी एसपी घेत होत्या. "एसपी घे, मार्क पडतील," मी सहज म्हणालो. मार्क पडले. बारावीत असताना तिच्या मनात दिल्लीला अर्थशास्त्र शिकायचं आलं. संध्याकाळी माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आली. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला सीयूईटीत गणिताचा पेपर लागतो, आणि तिथे सीयूईटीचे विषय बारावीला घेतलेलेच असावे लागतात. आम्ही दोघांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. बारावी झाल्यावर बोर्डाकडून तुरळक विषय म्हणून गणित देता येतं, तेही सांगितलं. पण घरात पुढचं एक वर्ष थांबण्याची सोय नव्हती. ती आज बी.कॉम. झाली आहे, नोकरी करते. त्या दिवसापासून मी टेबलावर कुणालाही सहज उत्तर देत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण मी गणिताचा शिक्षक आहे आणि माझा कल कुठे झुकेल हे मला ठाऊक आहे. चारही विषय, म्हणजे आमच्या भाषेत पीसीएमबी, हे सगळ्यांना झेपत नाही. चार विषयांची प्रात्यक्षिकं, चार जर्नल, त्यावर क्लासवाल्यांचे जेईई आणि नीट दोन्हींचे चाचणी पेपर. लातूरला खोली घेऊन राहिलेली, आठवड्याला घरी रडत फोन करणारी मुलं मी पाहिली आहेत. दहावीला गणितात कसाबसा तरलेला आणि झाडापानांत, जनावरांत जीव असलेला मुलगा गणित सोडून जीवशास्त्रावर जोर देतो, तर ते शहाणपणाचंच. कृषी पदवीची सीईटी दोन्ही गटांतून देता येते आणि आपल्या ऊसपट्ट्यात त्या पदवीला कामही आहे. जीवशास्त्र राहून गेलेल्यांसाठी वैद्यकीय आयोगाने २०२३मध्ये एक दार उघडलं. बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र पास झालेल्यालाही नीट देता येते. विषय सोडायला माझी हरकत नाही. सत्त्याण्णव गुणांचा विषय 'उगाच कशाला' म्हणून सोडण्याला आहे.

खटावचे वडील कागद घेऊन व्हरांड्यात गेले. लेकीशी बराच वेळ बोलत होते, मधे कुणाला तरी फोनही केला. परत आले तेव्हा रांग संपत आली होती. अर्जावर भूगोलावर काट मारून बाजूला मुलीच्या अक्षरात 'गणित' लिहिलं होतं, आणि काटेजवळ दोघांच्या सह्या.

"महिनाभर बघतो सर. नाहीच झेपलं तर?"

"तर माझ्याकडे या," मी म्हणालो. "पण दीड महिन्याच्या आत या."

तुमच्या घरात कोणी यंदा अकरावीला गेलं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या महिना-दीड महिन्यात अर्ज दिला आणि तुकडीत जागा असली, तर विषय सहसा बदलून मिळतो. नंतर तेच विषय बारावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जातात. आज संध्याकाळी प्रवेशाची पावती काढा, विषयांचा रकाना मुलाशेजारी बसून वाचा, आणि शंका वाटली तर उद्याच कॉलेजात जा.